कवडशातला डाग

माझ्याविरुद्धचा पुरावा माझ्याच कपाटात आहे. निळ्या पुठ्ठ्याची वही, पान दोनशे सोळा. उद्या दुसऱ्या कुणी तो बाहेर काढण्यापेक्षा आपणच काढलेला बरा, एवढ्याच विचारानं हे लिहायला बसलो आहे. मन मोठं वगैरे काही नाही. माझं मन किती मोठं आहे ते एकदा वर्तमानपत्रात छापून आलं होतं, त्याची लाज अजून उतरलेली नाही.

मी देवमन. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो, म्हणजे शेतांची मोजणी करणारा. चौतीस वर्षं तिवसा तालुक्यातले धुरे, म्हणजे शेतांचे बांध, मोजले. शेजाऱ्यानं शेजाऱ्याचा धुरा हातभर सरकवला की मला बोलावणं यायचं, आणि मी भर उन्हात साखळी टाकून सांगायचो, की बाबा, इथून पुढची माती तुझी नाही. लोक मोजणीसाहेब म्हणायचे, अजून म्हणतात. निवृत्त झाल्यावर माणसं सावली धरतात. मी दुर्बीण आणली, अमरावतीच्या घराच्या गच्चीवर लावली आणि सूर्य पाहायला लागलो.

"चौतीस वर्षं त्यानं तुमाले भाजलं," आमच्या दुर्गाबाई म्हणाल्या, "अजून पोट नाई भरलं का?"

सूर्य पाहायचा म्हणजे त्याच्याकडे पाहायचं नसतं. दुर्बिणीला डोळा लावला की डोळा गेलाच. दुर्बिणीच्या मागं पांढरा कागद धरायचा. त्यावर सूर्याची थाळी उमटते, आणि थाळीवर जे काळे ठिपके दिसतात ते सूर्यावरचे डाग. ते पेन्सिलीनं जिथल्या तिथं टिपायचे, खाली तारीख, वेळ आणि सही. सूर्य स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे डाग माझ्या कागदावर रोज थोडे थोडे उजवीकडे सरकतात. डाव्या काठापासून उजव्या काठापर्यंत जायला त्यांना तेरा-चौदा दिवस लागतात. माझी मान वाकत नाही, म्हणून दुर्बिणीत एक छोटा आरसा बसवून घेतलेला आहे; त्यानं चित्र सोयीच्या जागी पडतं. हा आरसा लक्षात असू द्या. माझ्या लक्षात राहिला नाही.

अकरा वर्षं मी अशा वह्या भरत होतो आणि त्यांत एकही खोटा ठिपका नव्हता. ऊन नसेल, बरं नसेल, तर पान कोरं. या वह्यांच्या बळावर मी अंबानगरी खगोलप्रेमी मंडळाचा अध्यक्ष होतो. मंडळाचे सभासद अकरा. त्यांपैकी चार मुलांकडे पुण्याला असतात आणि दोन वारलेले आहेत, पण ग्रुपमधून त्यांना काढायचं कुणी, यावर एकमत झालेलं नाही. अकोल्याला हेच काम चंद्रभानजी करतात. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. महिनाअखेरीला आम्ही फोनवर आपापले डाग ताडून पाहायचो. गेली दोन वर्षं त्यांचे डाग माझ्यापेक्षा दर महिन्याला जास्त भरायचे. अकोल्याच्या माणसाला थोडं वाढवून सांगायची सवय असते, असा निष्कर्ष मी काढला होता आणि तो त्यांना कळवला नव्हता.

दोन हजार चोवीसचा मे उजाडला. गच्चीवर पाय ठेवला तर चप्पल चिकटायची. चार तारखेपासून मी वर गेलो नाही. पानं कोरी राहिली, आणि कोरं पान हा काही गुन्हा नव्हे. गुन्हा दहा तारखेला घडला, अक्षय्य तृतीयेच्या सकाळी, गांधी चौकात, बेबीताईंच्या दुकानापुढे.

बेबीताई वलगावच्या. घरची फुलशेती, मोगरा आणि झेंडू. सकाळी चौकात दुकान लावायचं आणि दुपारी गावी परत. गावात एक बंद पडलेलं जिनिंग आहे. कापसासाठी बांधलेलं त्याचं उंच टिनाचं गोदाम त्यांनी फुलं निवडायला घेतलेलं आहे. सणाचा दिवस, दुकानापुढे सात-आठ गिऱ्हाइकं, आणि माझा हार पानात बांधता बांधता त्या म्हणाल्या,

"साहेब, तुमालेच इचारायचं होतं. सूर्यावर डाग पडते का वो?"

"पडते ना. काहून?"

"काल दुपारी कवडशात दिसला."

गोदामाच्या टिनाला एका खिळ्याचं भोक आहे. त्यातून पंचवीस फूट खाली फरशीवर कवडसा पडतो, आणि बेबीताईंची दुपार त्याच्यावर चालते. कवडसा तिसऱ्या खांबाशी आला की कळ्या ओल्या फडक्यात बांधायच्या, दाराजवळच्या घमेल्याशी पोचला की टेम्पो यायची वेळ. घड्याळ आहे, पण ते सुनेच्या मोबाइलमध्ये आहे, आणि सूनही मोबाइलमध्येच असते.

"बारा वर्षं झाले, त्या कवडशाले मी रोज पायते," बेबीताई सांगत होत्या. "काल त्याच्या अंगावर डाग. म्हटलं पाकळी पडली असंन, झटकली. म्हटलं फडक्यालेच डाग असंन. फडकं सरकवलं, तं डाग कवडशासंगंच रायला, फडक्यासंगं नाई आला. मंग आमच्या वर्षालीले बांबूले कपडा बांधून वरचं भोक पुसाले लावलं. तरी हायच! तुमाले तं दिसलाच असंन."

खरं तर तिथंच त्यांना खुर्ची देऊन मी उभं राहायला पाहिजे होतं. पाकळी नाही, फडकं नाही, भोक नाही. म्हणजे राहिला सूर्य. चार मिनिटांत बाईंनी सगळ्या शंका ओळीनं निकालात काढल्या होत्या. पण आजूबाजूची सात-आठ माणसं माझ्या तोंडाकडे पाहत होती, आणि मी सहा दिवस गच्चीवर गेलो नव्हतो. 'मी पाहिला नाही' हे तीन शब्द. त्यांच्याऐवजी मी बरेच जास्त शब्द वापरले.

"बेबीताई, म्या काल स्वतः सूर्य पायला. कोऱ्या थाळीसारखा साफ होता. डाग तुमच्या डोळ्यात असंन. मोतीबिंदू पाहून घ्या."

लोक हसले. "डाग बाईच्या डोळ्यात अन् नाव सूर्याचं!" असं एक गिऱ्हाईक म्हणालं आणि पुन्हा हसले. बेबीताई पण हसल्या, जरा उशिरानं. मग त्यांनी पदरानं दोन्ही डोळे पुसले आणि हाराची पुडी माझ्या हातात दिली.

"असंन बाप्पा. तुमी रोजचे पायनारे, तुमाले जास्त समजते."

रविवारी बारा तारखेला वर्तमानपत्रात बातमी होती. सूर्यावर अवाढव्य डाग. पंधरा पृथ्व्या एका ओळीत मांडाव्यात एवढा रुंद. त्याच्यापायी लडाखमध्ये रात्री आकाश लाल झालेलं. मी चहाचा कप खाली ठेवतो तोच मनोजचा फोन आला. मनोज आमच्या मंडळाचा सचिव. त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे, त्यामुळे मंडळात काही घडायच्या आधी त्याचा फ्लेक्स तयार असतो.

"साहेब, डाग पायला का? पेपरात हाय! तुमी तं रोज पायता, तुमाले आधीच दिसला असंन."

"हो," मी म्हणालो.

"कवा?"

"नऊ तारखेले." ही तारीख माझ्या तोंडात बेबीताईंनी ठेवलेली होती.

"म्हंजे पेपरच्या तीन दिवस आधी! साहेब, अमरावती जिल्ह्यातून सगळ्यात पयले तुमी!"

आता हे समजून घ्या, की त्या वेळेपर्यंत हा डाग जगातल्या हजारो लोकांनी पाहिलेला होता आणि वर फिरणाऱ्या यानांनी त्याचे ढीगभर फोटो काढलेले होते. मी चोरली ती गोष्ट म्हणजे अमरावती जिल्ह्यातला पहिला नंबर. जिल्हा पातळीवरची चोरी म्हणा. आणि ज्या दिवशी सूर्य साफ होता म्हणून मी चौकात सांगितलं, त्याच दिवशी मला डाग दिसला होता असं आता फोनवर सांगत होतो. एका शेताचे दोन नकाशे मी नोकरीत कधी काढले नव्हते.

फोन ठेवून मी गच्चीवर धावलो. डाग होता. उजव्या काठाजवळ, चांगला ठसठशीत. एवढा स्पष्ट डाग मला दोन वर्षांत पहिल्यांदा दिसत होता. बाकीचे हल्ली फिकटच असायचे. सूर्य म्हातारा होत चालला असेल असं मी धरून होतो. बारा तारखेचं पान मी इमानानं काढलं. पण नऊ तारखेचं पान कोरं होतं, आणि मनोजनं तोवर ग्रुपवर टाकून दिलं होतं की साहेबांच्या वहीत नऊ तारखेचं चित्र आहे, सत्काराच्या दिवशी सगळ्यांना पाहायला मिळेल.

दुपारी मी वलगावला गेलो.

गोदामात मोगऱ्याचा वास दाटला होता. फरशीवर कवडसा होता, कवडशात डाग होता, आणि बेबीताई त्याच्याकडे पाठ करून कळ्या निवडत बसल्या होत्या. बोटांनी चाचपून.

"आत्याबाई त्या बाजूले पायतच नाईत," त्यांची सून वर्षाली मला म्हणाली. "म्हणतात, डोळ्यातला डाग पाहून काय करू. सुई पन मलेच ओवून द्या लागते."

"साहेब! एवढ्या उन्हात काहून आले?" बेबीताई उठल्या. "वर्षाली, पाणी दे वो साहेबाले."

मी विचारलं, गुरुवारी डाग कागदावर वगैरे टिपला होता का. कागदावर नव्हता, फडक्यावर होता. कवडसा पळतो, म्हणून बेबीताईंनी पांढरं फडकं त्याच्या चालीनं हळूहळू ओढत नेलं होतं, आणि वर्षालीनं गुडघ्यावर बसून काजळाच्या पेन्सिलीनं गोल आणि डाग गिरवला होता. दार कोणत्या बाजूला तेही काजळानंच लिहिलेलं. सूर्याच्या चालीनं सरकत राहायला माझ्या दुर्बिणीला मोटर लावलेली आहे, आणि ती बिघडलेली आहे.

"हे फडकं मी नेऊ का दोन दिवस?"

"न्या ना. मंग डाग होता का साहेब?"

डाग माझ्या पायापासून दोन हातांवर होता. मान खाली घातली असती तरी पुरे होतं.

"पाहावं लागंन," मी म्हणालो. "तपासून सांगतो."

"अन् माह्या डोळ्याचं?"

"दाखवून घ्याले काय हरकत हाय?"

"एकोणीस तारखेले शिबिर हाय अमरावतीले. म्या नाव देल्लं हाय."

"छान," मी म्हणालो.

भाषेतले बरेच शब्द वापरून झाले आहेत माझे, पण 'छान' म्हणताना अजूनही जीभ अडते.

त्या संध्याकाळी दार लावून पान दोनशे सोळा काढलं. कवडशात सूर्य खालचा वर पडतो हे मला माहीत होतं, म्हणून फडकं फिरवून, वरची बाजू खाली करून घेतलं. इथवर माझी हुशारी पोचली. मग वहीतल्या गोलात डाग उतरवला, वेळ घातली दुपारी बारा वाजून दहा मिनिटं, आणि सही केली. अकरा वर्षांत एवढी वळणदार सही आली नव्हती.

सत्कार एकोणीस तारखेला, संध्याकाळी पाच वाजता, आमच्या साईनगरातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात. मागं आठ फूट लांबीचा फ्लेक्स. त्यावर एका बाजूला सूर्य, एका बाजूला मी, आकारानं सारखेच. साठेक माणसं आली होती. मनोजनं हार वलगावहूनच मागवला होता, गुडघ्यापर्यंत येणारा मोगऱ्याचा, आणि तो घालून मी खुर्चीत बसलो तेव्हा त्याचं वजन मला नीट जाणवलं. प्रमुख पाहुणे अकोल्याचे चंद्रभानजी. मनोज प्रास्ताविक करत होता. त्याचं प्रास्ताविक माणूस जन्मल्यापासून सुरू होतं. चंद्रभानजींनी तेवढ्यात टेबलावरची माझी वही ओढली, खिशातून घड्याळजीचं भिंग काढून डोळ्यात बसवलं आणि पानं उलटायला लागले.

दोनशे सोळाव्या पानावर ते थांबले. मग पुढचं. मग मागचं.

"देवमनजी," ते हळूच म्हणाले, "अकरा वर्षांत पयल्यांदाच तुमचा सूर्य पुढं चालून रायला."

"म्हणजे?"

"हे नऊ तारखेचं पान. डाग मध्याच्या डाव्या अंगाले. हे बारा तारखेचं. डाग उजव्या काठाजवळ. तीन दिवसांत सहा दिवसांची वाट कापली त्यानं. घड्याळ असतं तं म्या खोलून पायलं असतं."

चंद्रभानजींनी पान उचलून खिडकीच्या उजेडाकडे धरलं आणि कागदाच्या मागच्या बाजूनं पाहिलं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला गोष्टी मागून पाहायची सवय असते.

"मागून पायलं तं बरोबर चालते," ते म्हणाले.

तेव्हा मला आरसा आठवला. माझ्या दुर्बिणीतल्या आरशामुळे माझ्या वहीतला प्रत्येक सूर्य कवडशातल्या सूर्याची डावी-उजवी उलटी बाजू दाखवतो. फडकं कसंही फिरवलं तरी ते जुळणार नव्हतं; उजव्या पायाचा जोडा कितीही फिरवला तरी डाव्या पायात बसत नाही. अकरा वर्षांच्या पानांत एकच जोडा दुसऱ्या पायाचा होता, आणि त्याखाली माझी वळणदार सही.

"हे तुमच्या दुर्बिणीतून नाई काढलं," चंद्रभानजी म्हणाले. विचारलं नाही, म्हणाले. आणि भिंग खिशात ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. अकरा वर्षं ज्याच्याशी घड्याळ लावून घेतलं तेच बंद पडलेलं निघावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

मनोजनं त्यांचं नाव पुकारलं. ते उठले. आता हे बोलणार, अशी मी मनाची तयारी केली; खरं सांगतो, थोडी सुटकाच वाटत होती.

"म्या घड्याळवाला माणूस, भाषण येत नाई," ते म्हणाले. "नऊ तारखेचं चित्र म्या पायलं. लय चांगलं हाय. ज्यानं काढलं त्याची नजरही साफ अन् हातही साफ. ते कसं काढलं ते आपण देवमनजीच्याच तोंडून ऐकू." आणि बसले.

मी उभा राहिलो. खिशात भाषण होतं. त्यात 'माझं काहीच नाही, सगळं त्या भास्कराचं' अशी नम्रतेची दोन वाक्यं होती. कागद काढून ती वाचायला तोंड उघडलं, आणि मागच्या दारातून बेबीताई आत आल्या. डोळ्यांवर शिबिरातला काळा चष्मा, हात वर्षालीच्या खांद्यावर. टेम्पो सहाला होता, तोवर साहेबांचा सत्कार पाहू म्हणून आल्या होत्या. पाहू म्हणजे ऐकू. डोळ्यांत औषध घातल्यामुळे त्यांना सगळं धुरकट दिसत होतं. कशाचा सत्कार आहे ते त्यांना माहीत नव्हतं. हार हवा एवढंच मनोजनं सांगितलं होतं.

"वर्षाली, काय लिवलं हाय वो तठी?" त्यांनी विचारलं.

मी अजून सुरुवात केली नव्हती आणि सभागृह शांत होतं. वर्षालीनं फ्लेक्स हळू आवाजात वाचला, आणि तो सगळ्यांनी ऐकला. "सूर्यावरील महाडाग, अमरावती जिल्ह्यातून सर्वप्रथम टिपणारे... दिनांक नऊ मे..."

"नऊ मे म्हंजे? आपला तो गुरुवार?"

"हाव."

बेबीताईंनी चष्मा काढला. काढून काही दिसणार नव्हतं. माझा आवाज जिथून यायला हवा होता त्या दिशेला तोंड करून त्या म्हणाल्या,

"साहेब, मंग डाग होता का? डाक्टर म्हणते, डोळ्यात काईच नाई, डोळे चांगले हायेत. म्या तं अजूनच भेली. म्हटलं, डोळ्यात नाई तं मंग डोक्यात झालं का काई?"

कुणी हसलं नाही. दहा दिवस ही बाई त्या कवडशाकडे पाठ करून बसली होती, आणि आता डोक्याचा डॉक्टर शोधायच्या बेतात होती. माझ्या एका वाक्यापायी.

भाषणाचा कागद मी परत खिशात ठेवला.

"डाग होता, बेबीताई," मी म्हणालो. "तुमी पायला. म्या नाई पायला. म्या त्या दिवशी गच्चीवर गेलोच नव्हतो. चौकात तुमाले खोटं सांगतलं. वहीतलं चित्र तुमच्या फडक्यावरून उतरवलं, अन् ते बी उलटं उतरवलं. तुमचे डोळे साफ हायेत. डोकंही साफ हाय."

मला वाटलं, आता कुणी तरी उठेल, निदान फ्लेक्सवरचा मी तरी खाली येईन. आणि मग दुसऱ्या रांगेतून एकानं टाळी वाजवली. दुसऱ्यानं वाजवली. पाहता पाहता सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. मनोजनं माइक हिसकला.

"याले म्हणतात मोठं मन! भरसभेत कबूल कराले वाघाचं काळीज लागते! साहेबांसाठी पुन्हा एकदा जोरदार टाळ्या!" आणि त्यानं दुसरी शाल माझ्या अंगावर घातली. पहिली सूर्य पाहिल्याबद्दल होती. दुसरी न पाहिल्याबद्दल.

टाळ्या वाजवल्या नाहीत त्या तिघांनी. चंद्रभानजी खिडकीबाहेर पाहत होते. वर्षालीनं हाताची घडी घातली होती. आणि बेबीताईंनी टाळ्या संपेपर्यंत थांबून विचारलं,

"हे वलगावले आले तवाच काहून नाई सांगतलं साहेब?"

मी दुसरी शाल सावरायला लागलो.

"बरं," त्या म्हणाल्या. "माहं फडकं तेवढं द्या. कळ्या बांधाले लागते."

फडकं आणायला मी घरी गेलो, शेजारच्याच गल्लीत. ठेवलं होतं त्या खुर्चीवर नव्हतं. दुर्गाबाईंनी ते कपाटातून काढून दिलं. पांढरंशुभ्र, चार घड्या घातलेलं.

"काजळाचा डाग होता त्याच्यावर," त्या म्हणाल्या. "दोन दिवस भिजत घातलं तवा निघाला. कोनाचं हाय?"

खरं चित्र धुतलं गेलं होतं आणि खोटं वहीत शिल्लक होतं. फडकं मी बेबीताईंच्या हातात दिलं तेव्हा त्यांनी ते बोटांनी चाचपलं. साबणाच्या वासावरून त्यांना कळलं असावं. टेम्पोचा हॉर्न वाजत होता.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा होता: 'मोठ्या मनाचा खगोलप्रेमी'. माझा दोन शालींतला फोटो. खाली बारीक अक्षरात, एका फूलविक्रेत्या महिलेच्या निरीक्षणाला त्यांनी दिलखुलास दाद दिली, असं. त्या महिलेला नाव नव्हतं. आठवडाभर लोक रस्त्यात थांबवून माझं अभिनंदन करत होते. मी खरं सांगायला लागलो की म्हणायचे, पाहा, किती नम्र माणूस. चंद्रभानजींचा महिनाअखेरचा फोन आला नाही.

मोजणी खात्यात चुकलेली नोंद खोडायची नसते. लाल शाईनं आडवी रेघ मारायची, खरं काय ते शेजारी लिहायचं आणि सही करायची. पान दोनशे सोळावर मी तसं केलं. 'निरीक्षक: बेबीताई व वर्षाली, मु. वलगाव. नक्कल करणार: देवमन. नक्कल उलटी आहे.' ही सही वळणदार आली नाही.

डाग तोवर सूर्याच्या मागच्या बाजूला गेला होता. टिकला तर दोन आठवड्यांनी पुढून पुन्हा उगवतो. हे सांगायला म्हणून, आणि नवं कोरं फडकं घेऊन, एक जूनला मी वलगावला गेलो. दारात उभा राहिलो. या म्हणतील की नाही, खात्री नव्हती.

"या," बेबीताई म्हणाल्या. आज त्या कवडशाकडे तोंड करून बसल्या होत्या. "फडकं अंथरा. तुमी ओढा, वर्षाली काढते. गुडघे टेका साहेब, उभ्यानं नाई होत ते."

मी फरशीवर गुडघे टेकले आणि फडक्याचं टोक धरलं. कवडसा फडक्यावर चढला.

"हाव आत्याबाई, हाय!" वर्षाली पेन्सिल टेकवत म्हणाली. "बारका झाला, पन हाय. तो पाहा, काठापासून जरा आत."

"दिसला मले," बेबीताई म्हणाल्या. "साहेब, तुमाले?"

मी पाहिलं. डोळे बारीक करून पाहिलं, मान वाकडी करून पाहिलं. कवडसा मला तांदळाच्या पापडासारखा पांढरा दिसत होता. दोघी माझ्याकडे पाहत होत्या. 'हो' म्हणणं अगदी सोपं होतं. वर्षालीचं बोट डाग कुठे आहे ते दाखवतच होतं.

"नाई," मी म्हणालो. "मले नाई दिसून रायला."

बेबीताईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. टोमणा मारायची एवढी चांगली संधी वऱ्हाडात कुणी सोडत नाही, म्हणून मी वाट पाहिली. पण त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. नसल्यामुळेच तो जास्त लागला.

"डोळे दाखवून घ्या साहेब," त्या म्हणाल्या. "अन् ओढा, थांबू नोका. कवडसा चालला."

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत निघाला. दोन वर्षांपासून असावा, असं डॉक्टर म्हणाले. अकोल्याचे डाग दोन वर्षं जास्त का भरत होते, ते आता चंद्रभानजींना फोन करून सांगायचं आहे. नंबर काढून ठेवला आहे.